टेपवरची सही

नजमा, पाकीट आलं. शाहीन काल दुपारी स्वतः घेऊन आली. परवा पहिल्यांदा दुकानाचं शटर उघडलं म्हणाली. सगळे खण रिकामे केले, तुझी हत्यारं एका पेटीत भरली, आणि गिऱ्हाइकाचा म्हणून आख्ख्या दुकानात एकच फोन निघाला. "मावशी, तुमचाय," म्हणून तिनं ते खाकी पाकीट टीपॉयवर ठेवलं, आणि त्याच्या शेजारी नव्या डिस्प्लेचं एक लहानसं खोकं. खोक्यावर तुझ्या अक्षरात 'शोभा' एवढंच लिहिलेलं. मी चहा ठेवते म्हटलं तर "घाई आहे" म्हणाली. घाई नव्हती, हे दिसत होतं. पण लेक तुझीच, जास्त बोलली नाही.

तुला जाऊन अठरा दिवस झाले. तू गेलीस त्या दिवशी आपल्या 'गल्लीतल्या ताया' ग्रुपवर फुलांचा आणि पणत्यांचा नुसता पाऊस पडला. 'भावपूर्ण श्रद्धांजली' सगळ्यांनी कुठूनतरी उचलून चिकटवलं, कुंदावहिनींनी तर चुकून दुसऱ्याच कुणाचा फोटो टाकला आणि मग काढला. मीही हात जोडलेलं चित्र टाकलं. ज्या ग्रुपमधून तू पाच महिन्यांपूर्वी निघून गेली होतीस, त्याच ग्रुपवर आम्ही तुला निरोप देत होतो आणि त्यात कुणालाच काही वावगं वाटलं नाही. मला वाटलं, पण मी ॲडमिन. ॲडमिननं गप्प कसं बसायचं, म्हणून हात जोडले.

शाहीन गेल्यावर मी भिंग काढलं. हसू नकोस. अठरा वर्षं चाकणच्या कंपनीत माल तपासण्यात गेली, डोळ्यांना तीच सवय. पाकिटाच्या तोंडावर रुंद टेप, आणि टेपच्या या कडेच्या कागदापासून त्या कडेच्या कागदापर्यंत निळ्या पेनानं केलेली माझी लांबलचक सही. टेप उचलून पुन्हा लावली असती तर सहीच्या रेघेला कुठेतरी पायरी पडली असती. मी उजेडात धरून पाहिलं, खिडकीशी नेऊन पाहिलं, आडवं धरून पाहिलं. 'शोभा'तल्या 'भा'चा काना टेपवरून कागदावर उतरतो तिथंसुद्धा रेघ सरळ आहे. पाकीट कुणीही उघडलेलं नाही.

ही युक्ती तुला मीच दिली होती, आठवतं? कंपनीत नमुन्याचा माल असाच बंद करून ठेवायचो आम्ही. माझी सही तुटली की कुणीतरी हात लावला. तू तेव्हा नुकतीच वैतागली होतीस, कारण डिस्प्ले दोन-दोन दिवस यायचा नाही आणि तोपर्यंत बायकांचे फोन तुझ्या खणात पडून राहायचे. एरवी तुझा नियम साधा होता: फोन सोडून जायचं नाही, समोर बसायचं, समोरच दुरुस्त होईल. पण पार्टच नसेल तर काय करणार? मी पाकिटाची युक्ती सांगितली आणि तू लगेच उचललीस. पार्ट आला की गिऱ्हाईक येणार, आपल्या हातानं टेप फाडणार, आणि मगच तुझा स्क्रूड्रायव्हर बाहेर निघणार. पहिल्या शिफ्टच्या बसमधून उतरणाऱ्या पोरी पिंपळे गुरवला घरी जायच्या आधी वाट वाकडी करून तुझ्याकडे यायच्या, त्या उगाच नाही.

तुझ्या दुकानात मला सगळ्यात नवल वाटायचं ते तुझ्या पाठ फिरवण्याचं. गिऱ्हाईक लॉक सांगायला लागलं की तू म्हणायचीस, "मला सांगू नका बाई, तुमचा तुम्ही उघडा," आणि स्टूलासकट गर्रकन भिंतीकडे वळायचीस. भिंतीवर तुझ्या नाकासमोर कॅलेंडर. दिवसातून पन्नास वेळा ते वाचून वाचून तुला एकादशी-संकष्टी माझ्या आधी कळायची. "शोभे, उद्या संकष्टी हाय, साबुदाणा भिजवलास का?" असं तू मला विचारावंस आणि मी घरी जाऊन घाईघाईनं साबुदाणा भिजवावा, असं किती वेळा झालं.

हे तू अब्बांकडून घेतलंस. त्यांचं रेडिओ-घड्याळांचं दुकान होतं तेव्हाचा त्यांचा नेम तू मला सांगितला होतास. रेडिओ ज्या स्टेशनवर लावलेला दुकानात आला, त्याच स्टेशनवर लावून परत द्यायचा. मधे तपासायला काटा कितीही फिरवा, जाताना तो होता तिथंच पाहिजे. माणूस घरी जाऊन बटण दाबेल तर त्याचं त्याला ऐकू आलं पाहिजे. मी तेव्हा म्हटलं होतं, रेडिओ ठीक आहे गं, त्यात काय लपवायचंय? तू म्हणालीस, "लपवायचं न्हाई गं. त्येचं हाय, येवढंच."

त्यावरून आपलं वाजायचं. मला माणसांची उत्सुकता आहे, तुझ्या भाषेत सांगायचं तर चौकशीची खाज. कोण कधी ऑनलाइन होतं, कुणी वाचून उत्तर दिलं नाही, कुणाच्या डीपीवरून नवरा गायब झाला, हे मला आपोआप दिसतं. तू निळ्या खुणाच बंद करून टाकलेल्या. मी म्हणायचे, तू माणसांना टांगून ठेवतेस. तू म्हणायचीस, "वाचलं म्हंजे लगेच जबाब द्यायचा, ह्यो कुठला कायदा काढलास?" मी म्हणायचे, ज्याच्या मनात चोर नाही त्याला कुलूप कशाला. त्यावर तू एकदा माझ्या स्वयंपाकघराकडे बोट दाखवलंस. "मग हळदीकुंकवाला त्या दाराला पडदा का लावतीस? आत काय चोरीचा माल हाय का?" आत भांड्यांचा ढीग असतो, हे आपल्या दोघींनाही माहीत होतं. मी विषय बदलला होता.

गल्लीत कॅमेरा लावायचा ठरला तेव्हाही तूच आडवी आलीस. मी ग्रुपवर मत घेतलं, सगळ्यांनी अंगठे दाखवले, आणि तू लिहिलंस, "लावा, पण तोंड नाल्याकडं करा. चोर तिकडनं येतात, इकडनं आपल्याच पोरी येतात." बायका हसल्या. कॅमेऱ्याचं तोंड शेवटी गल्लीकडेच झालं, आणि कोणाची पोरगी कितीला आली याची चर्चा पुढे कुणाच्या तोंडी असायची ते तुला ठाऊक आहे. माझ्याच.

आता जे सांगायचं ते सांगते. माझा केक आठवतो? गेल्या दिवाळीनंतर मी ग्रुपवर फोटो टाकला होता. मी, हार, केक, आणि वर लिहिलेलं, 'अठरा वर्षांच्या सेवेनंतर स्वेच्छानिवृत्ती'. दोनशे बायकांनी अभिनंदन केलं. तू दुकान बंद करून पेढे घेऊन आली होतीस. तो केक मीच आणला होता, नजमा, आणि हार आमच्या लेकानं, निखिलनं. कंपनीनं मला दिलं होतं ते पत्र, कारणे दाखवा म्हणून. ब्रॅकेटचा एक लॉट मी मापाचं गेज न लावता पास केला होता. लाइन थांबली होती, सुपरवायझर डोक्यावर उभा होता, त्याच्याच लाइनचा माल मी चार वर्षं तपासत आले होते आणि एकदाही खोट निघाली नव्हती. मी मनात म्हटलं, बरोबरच असणार. सही केली. लॉट पुढून परत आला. माझ्याकडे सांगायला कारण नव्हतं. त्यांनी राजीनामा द्यायला सांगितलं, मी दिला.

पत्राचा फोटो काढून मी निखिलला पाठवला होता, काय उत्तर लिहू हे विचारायला. तो रावेतला असतो, कॉम्प्युटरच्या कामात आहे, त्याला इंग्रजी नीट येतं. माझ्याशिवाय आणि त्याच्याशिवाय हे कुणालाच माहीत नव्हतं, असं मी धरून चालले होते.

मग संक्रांत आली. हळदीकुंकू मी दरवर्षीसारखंच दणक्यात केलं. वाण म्हणून मोबाइल ठेवायचे स्टँड वाटले, तुझ्याच ओळखीतून आणलेले. तुला कुंकवाऐवजी अत्तर लावायचं, हा आपला जुना रिवाज. हॉलमध्ये मुंगी शिरायला जागा नव्हती, टीव्हीवर भजनं लावलेली, मी आत पडद्यामागे तिळगुळाच्या वाट्या भरत होते. त्या दिवशी दुसरं काही घडलं असेल असं मला वाटलंही नाही. फक्त संध्याकाळी रिमोट सापडेना. सगळं घर उलथंपालथं केलं, यांच्यावर तोंडसुख घेतलं, आणि शेवटी तो शोकेसमध्ये तिळगुळाच्या डब्यामागे निघाला. टीव्ही कोणीतरी पार मागच्या बटणापासून बंद केला होता. मला वाटलं, पोराटोरांचे उद्योग.

दोन दिवसांनी गच्चीवर फोन हातातून निसटला आणि डिस्प्ले गेला. मी तुझ्याकडे आले. तुझ्याकडे पार्ट नव्हता. पाकीट, टेप, सही. तू विचारलंस, "काय मॅडम, रिटायरमेंट कशी चाललीय?" आणि मी तुला तासभर ऐकवलं. निरोप समारंभात साहेब काय बोलले, पोरी कशा रडल्या. तू हातातलं काम थांबवून ऐकलंस. मधेच म्हणालीस, "मग! अठरा वर्सं म्हंजे खेळ हाय का?"

त्याच्या दुसऱ्या दिवशी भाजीच्या गाडीवर कुंदावहिनी भेटल्या. वांगी निवडता निवडता म्हणाल्या, "शोभाताई, सह्या जरा बघून कराव्यात हो माणसानं." आणि हसल्या. माझ्या हातातली पिशवी खाली पडली. तिथून घरी येईपर्यंत मी सगळा हिशेब जुळवला होता. पत्र फोनमध्ये. फोन नजमाकडे. आजपर्यंत कुणाला माहीत नव्हतं आणि फोन तुझ्याकडे गेल्याबरोबर कुंदावहिनींना कळलं. बरोबरच असणार.

तशीच चपला घालून मी तुझ्याकडे आले. दुकानात दोन पोरी बसल्या होत्या, त्यांचीही मी भीड ठेवली नाही. काय काय बोलले ते लिहवत नाही. तुझ्या अब्बांपर्यंत गेले, एवढं आठवतं. तू ऐकून घेतलंस. मग खण उघडून पाकीट काढलंस आणि माझ्यासमोर धरलंस. "आदी हे बग," म्हणालीस. "मी न्हाई उघडला तुजा फोन. पण माजं ऐकू नको. तू बग."

मी पाहिलं नाही. नजर वळवून बघायला एक क्षण लागला असता. "ठेव तुझ्याकडेच, घाल चुलीत," म्हणाले आणि निघाले.

एवढ्यावरही थांबले असते तर ते आपल्या दोघींतलं भांडण राहिलं असतं. पण पाकीट बंद करण्याआधी काढून घेतलेलं सिम घालून यांच्या जुन्या फोनवर मी माझा नंबर सुरू केला आणि ग्रुपवर लिहिलं. 'मैत्रिणींनो, फोन दुरुस्तीला देताना सावध राहा. आपल्याच गल्लीत, आपल्याच माणसानं माझा विश्वासघात केला आहे. नाव घेत नाही.' नाव घेत नाही! गल्लीत फोनचं दुकान एक, त्यात बसणारी बाई एक. बारा मिनिटांत चाळीस उत्तरं आली, मोजायची मला सवय. 'खरंय ताई.' 'मलाही शंका होतीच.' 'माझे लग्नातले फोटो गायब झाले होते, आत्ता कळलं.' जिचे फोटो गायब झाले ती फोन दुरुस्तीला कुठेतरी भोसरीला देते, हे मला माहीत होतं. मी दुरुस्ती केली नाही. त्या वेळी ते मला गोड लागत होतं, नजमा. सगळी गल्ली आपल्या बाजूनं आहे, हे वाचत मी जेवणसुद्धा विसरले होते.

मग ती बारीक राखाडी ओळ आली. तू ग्रुप सोडला होतास. भांडली नाहीस, खुलासा केला नाहीस. मी म्हटलं, बघा, चोराच्या उलट्या बोंबा तरी असतात, हिच्या तर बोंबाही नाहीत. चोर नसेल तर बोंब मारेल कशाला, हे मला तेव्हा सुचलं नाही.

पुढचे पाच महिने मी दुसऱ्या गल्लीतून जात होते. तरी तुझं शटर किती उघडं आहे ते कोपऱ्यावरून बघायचेच. बसमधून उतरणाऱ्या पोरी सरळ पुढे जायच्या. एकदा तू बाहेर स्टूल टाकून बसली होतीस, मांडीवर काहीच नव्हतं. हात रिकामे ठेवून बसलेलं तुला मी कधी पाहिलं नव्हतं. मला वाईट वाटलं, आणि मी तिथून निघाले. आणि मग अठरा दिवसांपूर्वी सकाळी दळणाला गेले होते तिथं कळलं की तू गेलीस, हृदय बंद पडलं. तुझ्या दारात मी आले होते. आत यायचं धाडस झालं नाही. शाहीननं मला पाहिलं आणि नजर वळवली.

आता हे अखंड पाकीट माझ्यासमोर. कंपनीत आम्हाला शिकवलं होतं, खोट सापडली की पाच वेळा 'का' विचारायचं. पहिल्या 'का'ला मिळतं ते उत्तर नसतं, ती सबब असते. पाच महिन्यांपूर्वी मी एकदाच विचारलं होतं. काल कॅलेंडरचं जुनं पान उलटं करून मी पुन्हा सुरुवातीपासून लिहायला बसले. कुंदावहिनींना का कळलं? कारण त्यांनी पत्र पाहिलं किंवा कुणी सांगितलं. फोन तर बंद पाकिटात होता, मग पत्र का दिसलं? तिथं अडले. निखिलला फोन लावला.

"आई, तो फोटो फोनमध्ये एकट्यानं थोडाच राहतो? तुझ्या अकाउंटवर गेला असणार," तो म्हणाला.

"अकाउंट कुणाला दिसतं?"

"कुणालाच नाही. तुला. आणि हां, टीव्हीला. दिवाळीत बसवला तेव्हा मीच जोडून दिलं नव्हतं का? काही न लावता टीव्ही नुसता चालू ठेवला की तुझे फोटो फिरायला लागतात. छान दिसतात. तू कधी पाहिले नाहीस?"

कशी पाहणार? आमच्या घरात मालिका संपली की टीव्ही बंद. नुसता चालू ठेवणं म्हणजे पाप. वर्षातून एकदा तो तसा चालू राहिला होता. भजनं संपली तेव्हा मी पडद्यामागे होते.

मी टीव्ही लावला आणि काही न लावता सोफ्यावर बसून राहिले. दुपारची वेळ, हे झोपलेले. पाच मिनिटांनी पडदा काळा झाला आणि फोटो सुरू झाले. एवढे मोठे, एवढे स्पष्ट, की मीच घाबरले. निखिलच्या लहानपणीचा फोटो. गॅसची पावती. आधार कार्ड, दोन्ही बाजूंनी. माझ्या पाठीवरच्या तिळाचा फोटो, डॉक्टरांना दाखवायला यांच्याकडून काढून घेतलेला, सबंध पाठीसह. देवघर. आणि मग पत्र. कंपनीचं नाव, माझं नाव, 'न तपासता सही केल्याबद्दल', भिंतभर. ते दहा सेकंद राहिलं. मी मोजलं. चाळीस बायका हातात तिळगूळ घेऊन दहा सेकंद ते वाचत होत्या.

मी उठणार होते, पण आता बघायचंच म्हटलं. आणखी काय काय माझं जगापुढे गेलंय, ते तरी कळू दे. बराच वेळ फोटो येत राहिले आणि मग हळदीकुंकवाचा आला. कुंदावहिनींनी माझ्याच फोनवर सगळ्यांचा काढलेला. पुढे मी, पैठणी नेसून, तोंड भरून हसणारी. मागे सगळ्या दाटीवाटीनं, प्रत्येकीच्या हातात मोबाइलचा स्टँड. मागचा टीव्ही काळा. आणि कडेला, शोकेसजवळ, तू. तुझ्या हातात स्टँड नव्हता. ओढणीखाली अर्धा लपलेला रिमोट होता.

तो फोटोही दहा सेकंदच राहिला. पुन्हा येईल म्हणून मी संध्याकाळपर्यंत बसले. दिवे लागले तेव्हा आला. रिमोटच होता.

म्हणजे तू वाचलं होतंस. मी दुकानात बसून निरोप समारंभाच्या गोष्टी रंगवत होते तेव्हा तुला सगळं ठाऊक होतं, आणि तू म्हणालीस, अठरा वर्सं म्हंजे खेळ हाय का. मला ते टोमण्यासारखं आठवावं म्हणून मी खूप प्रयत्न केला. आठवत नाही. तू ते मनापासून म्हणाली होतीस. मी ज्या स्टेशनवर लागलेली आले होते, त्याच स्टेशनवर लावून तू मला घरी पाठवलंस.

पण मग मी तोंडाला येईल ते बोलत होते तेव्हा का नाही सांगितलंस? 'अगं बये, तुझ्याच टीव्हीवर दिसलं सगळ्यांना', एवढं एक वाक्य. तुझं दुकान वाचलं असतं. हा शेवटचा 'का' मला सुटेना, म्हणून आज सकाळी शाहीनला फोन केला. आधी तिची माफी मागितली, मग टीव्हीचं सगळं सांगितलं. ती म्हणाली, "मावशी, मी अम्मीला किती वेळा म्हटलं, कुणी केलं ते तुला माहीत असेल तर सांगून मोकळी हो. काय म्हणायची माहितीये? माजं खरं सांगायचं तर दुसऱ्याचं काहीतरी उघडावं लागतंय. ते मी करत न्हाई."

"एवढंच?"

"एवढंच. आणि डिस्प्ले आला त्या दिवशी म्हणाली, शोभाला निरोप दे, पार्ट आलाय. मीच नाही दिला. मला राग होता तुमचा."

आपला वाद अजून संपलेला नाही, नजमा. तुझं मला सगळं पटलेलं नाही. कुणीच कुणाचं काही बघायचं नाही, तर तुझे हात पाच महिने रिकामे होते हे तरी कुणी बघायचं? मी बघितलं होतं, आणि काही केलं नाही, हा दोष माझा. पण बघणंच वाईट, असं मी अजूनही म्हणणार नाही. यावर तू काय म्हणाली असतीस, हे मी दुपारपासून शोधतेय. स्टूल फिरवून भिंतीकडे बघत काहीतरी म्हणाली असतीस. काय, ते मला सुचत नाही.

पाकीट मी उघडलेलं नाही. आयुष्यात माझ्या हातात आलेलं एकही पाकीट मी बंद ठेवलेलं नाही, शेजाऱ्यांच्या लग्नपत्रिकासुद्धा उजेडात धरून वाचल्या आहेत. हे टीव्हीशेजारी ठेवलंय, सही वर करून. टेप मी तुझ्यासमोर फाडायची, असं आपलं ठरलं होतं.

संध्याकाळी ग्रुपवर लिहायला बसले. तुझं खरं सांगायचं तर मला माझंच उघडावं लागणार होतं, दुसरा मार्ग नव्हता. केकचं लिहिलं. पत्राचं लिहिलं. गेज न लावता सही केली, असं मराठीत स्वच्छ लिहिलं. टीव्हीचं लिहिलं, रिमोटचं लिहिलं. 'पाच महिन्यांपूर्वी मी ज्यांचं नाव घेतलं नव्हतं त्या नजमा होत्या. त्यांनी माझा फोन उघडला नाही. मी न बघता बोलले.' यांनी मागून वाचलं आणि म्हणाले, "लॉटचं कशाला लिहितेस? ज्यांनी पाहिलं ते विसरले असतील. बाकीच्यांना फुकट कळेल." मी म्हटलं, कळू दे. बाजारात उद्या मान खाली घालून जावं लागणार, हे मला कळत होतं. पाठवलं.

एकही अंगठा आला नाही. हात जोडलेलं चित्र नाही, फूल नाही. पाच मिनिटं, दहा मिनिटं. मग कुंदावहिनींनी लिहिलं, 'त्या दिवशी रिमोट माझ्याकडे मागितला होता नजमाताईंनी. मी दिला नाही, त्यांनी हातातून घेतला.' आणखी कुणीतरी लिहिलं, 'माझ्या फोनची काच फुटून तीन महिने झाले. लाजेनं त्यांच्याकडे गेले नाही.'

संदेशावर बोट दाबून धरलं की कुणीकुणी वाचलं त्याची यादी येते. ही माझी जुनी खोड, तुला माहीत आहे. मी यादी उघडली आणि एकेक नाव वाचत खाली जाऊ लागले. सगळ्यांनी वाचलं होतं, कधी नव्हे ते सगळ्यांनी. मी तरी खाली खाली जातच राहिले. शेवटचं नाव आलं, यादी संपली, आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं की मी तुझं नाव शोधत होते.